'आज खेळू नको' असं सांगणाऱ्याची नोकरी कोणाच्या हातात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खेळाडूंच्या मानसिक आरोग्याबद्दल आता पेपरात मोकळेपणाने लिहिलं जातं, याचा मला मनापासून आनंद आहे. २०२१ मध्ये टेनिसपटू नाओमी ओसाकाने पहिली मॅच जिंकूनसुद्धा फ्रेंच ओपन सोडली, मग टोकियो ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टीम फायनलच्या मध्येच थांबली, त्याच सुमाराला बेन स्टोक्सने क्रिकेटमधून ब्रेक घेतला. तेव्हा सुरुवातीला बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, पण हळूहळू लोकांना पटलं की डोकं पण शरीराचाच भाग आहे आणि ते पण दुखावतं. पण त्याच ड्रेसिंग रूममध्ये अजून दहा-पंधरा माणसं असतात ज्यांच्याबद्दल कुणीच काही लिहित नाही, आणि मी स्वतः त्यातली एक होते म्हणून आज लिहायला बसलेय. पत्र लांबलंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

सपोर्ट स्टाफ म्हणजे कोण, तर फिजिओ, टीमचा डॉक्टर, ट्रेनर, मसाज करणारा, व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट, नेटमध्ये तासनतास बॉल फेकणारा थ्रोडाऊनवाला, किट सांभाळणारा, तिकिटं-हॉटेलं बघणारा मॅनेजर. टीम जिंकली की फोटोत मागच्या रांगेत अर्धा चेहरा दिसतो आणि हरली की बातमीत एक ओळ येते, 'सपोर्ट स्टाफमध्ये बदल होण्याची शक्यता'. त्या एका ओळीमागे किती घरांची झोप उडते हे मी जवळून बघितलंय.

मी फिजिओ आहे. बरीच वर्षं टॉप लेव्हलच्या टीमबरोबर काम केलं, आता स्वतःचं क्लिनिक चालवते. टीमचं नाव लिहित नाही कारण मुद्दा एका टीमचा नाहीच, मी ज्या ज्या खेळातल्या स्टाफशी बोललेय त्या सगळ्यांचं रडगाणं थोड्याफार फरकाने एकच आहे.

आधी दिवस कसा असतो ते सांगते. सकाळी सहाला खेळाडूंचे वेलनेस फॉर्म यायला लागतात, झोप कशी झाली, अंग किती दुखतंय, मूड कसा आहे, सगळ्याला एक ते पाचमध्ये मार्क. ते सगळे बघून नाश्त्याच्या आधी हेड कोचला सांगायचं की आज कोणाला किती पळवायचं. मग टेपिंग, घोट्याला नीट टेप करायचं तर एका पायाला पाच मिनिटं तरी जातात आणि बाहेर लाइन लागलेली असते, त्यात एखादा सिनिअर खेळाडू ऐनवेळी म्हणतो की टेप घट्ट झाली परत कर, की परत कापून पहिल्यापासून. मग वॉर्मअप, मॅच, मॅचभर डोळे बॉलवर नाहीत तर पायांवर, कोण लंगडतोय, कोण पळताना मांडी धरतोय. मॅच संपली की खेळाडू आइस बाथमध्ये बसतात आणि आपलं खरं काम सुरू होतं, कोणाला काय लागलंय ते तपासा, रिपोर्ट लिहा, स्कॅनची वेळ घ्या, रात्री साडेअकरापर्यंत हॉटेलच्या एका रूममध्ये टेबल टाकून ट्रीटमेंट द्या, मग टेबल घडी करा, बॅगा भरा, कारण सकाळी फ्लाइट.

आणि सुट्टी? खेळाडूंचा ऑफ डे हा जखमी खेळाडूंच्या रिहॅबचा दिवस असतो, म्हणजे फिजिओला ऑफ डे नसतोच. सीझन संपला की खेळाडू फिरायला जातात आणि ज्यांची ऑपरेशनं झालीत ते आपल्याकडे येतात.

हे सगळं शरीराचं झालं. शरीराचा थकवा झोपेने जातो, त्याची मला तक्रार नाही, आम्ही ही लाइन निवडली तेव्हा एवढं माहीत होतं. न जाणारा भाग वेगळा आहे.

खेळाडू टेबलावर पालथा पडला, तोंड खाली गेलं, की तो बोलायला लागतो. हे जगातल्या प्रत्येक फिजिओला आणि मसाजवाल्याला माहितीये. टीममधून काढतील अशी भीती, घरची भांडणं, पैसे अडकलेत, कोच बोलत नाही, सोशल मीडियावर आईवरून शिव्या येतायत. समोर चेहरा नसतो, हात पाठीवर असतात, मग माणूस मोकळा होतो. आणि हे चांगलंच आहे, मला त्या विश्वासाची किंमत आहे. पण असे तीन-चार जण रोज ऐकायचे, कुणाचं कुणाला कळू द्यायचं नाही, आणि त्यातल्याच एकाबद्दल संध्याकाळी कोचने विचारलं की 'हा मनाने ठीक आहे ना' तर काय सांगायचं आणि काय गिळायचं ते तिथल्या तिथे ठरवायचं. खेळाडूंसाठी आता बऱ्याच टीममध्ये स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट असतो, असायलाच पाहिजे. पण आमचं सगळं ऐकून घ्यायला टीममध्ये कुणी नव्हतं. आणि सायकॉलॉजिस्ट स्वतः पण सपोर्ट स्टाफच आहे, तो बिचारा कोणाकडे जाणार?

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एक तरुण व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट होता, अतिशय हुशार मुलगा. दोन लॅपटॉप, हार्ड डिस्कची पिशवी, आणि डोळ्यांखाली काळं. मॅच संपली की तो पूर्ण मॅच कापायला बसायचा, प्रत्येक खेळाडूच्या वेगळ्या क्लिप, समोरच्या टीमच्या वेगळ्या, दोन-अडीचला झोपायचा आणि सकाळी नाश्त्याला कोच म्हणायचा की मला हे नको, मागच्या तीन मॅचचं दाखव, मीटिंग दहाला आहे. एका रात्री तो माझ्या दारात आला, छातीत धडधडतंय, डावा हात जड वाटतोय म्हणाला. मी नाडी बघितली, बसवलं, म्हटलं चल डॉक्टरांना उठवू. तर तो अक्षरशः हात जोडून म्हणाला, 'ताई, डॉक्टरांना नको सांगू, ते मॅनेजरला सांगतील आणि मग पुढच्या दौऱ्याला माझं नाव नसेल.' छातीत दुखत असताना माणूस डॉक्टरला घाबरतोय, का तर डॉक्टर पण त्याच साहेबाला रिपोर्ट करतो म्हणून! मी त्याला तसाच टॅक्सीत घालून बाहेरच्या हॉस्पिटलला नेलं, ईसीजी नॉर्मल आला, तिथल्या डॉक्टरांनी टेन्शन आणि झोप नसल्याचं सांगितलं. पुढच्या दिवशी दहाच्या मीटिंगला तो प्रोजेक्टर लावत होता.

त्याला जे झालं होतं त्याला आता अधिकृत नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, बर्नआऊट हा आजार नाही तर कामाच्या ठिकाणातून येणारी गोष्ट म्हणून नोंदवलाय. त्याच्या तीन खुणा दिल्यात, अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून काही नीट होत नाहीये असं वाटणं. बारकाईने बघा, कामाच्या ठिकाणचा असा ताण जो नीट हाताळला गेला नाही, असं तिथे म्हटलंय. म्हणजे दोष त्या मुलाच्या मनाच्या कमकुवतपणाचा नाही, व्यवस्थेने काम कसं वाटून दिलंय त्याचा आहे. क्रीडा मानसशास्त्रवाले पण मॅचचा ताण वेगळा आणि संस्थेचा ताण वेगळा धरतात, नोकरीची खात्री नसणं, कोणाला रिपोर्ट करायचं ते स्पष्ट नसणं, प्रवास, अपुरी माणसं, साहेबाशी संबंध, हे सगळं दुसऱ्यात येतं. सपोर्ट स्टाफला मॅचचा ताण तर असतोच, पण माणूस मोडतो तो या दुसऱ्यामुळे, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे.

मोठी माणसं हे बोलू शकतात. राल्फ रांगनिक यांनी २०११ मध्ये शाल्के या जर्मन फुटबॉल क्लबचं हेड कोचपद मध्येच सोडलं आणि स्वच्छ सांगितलं की मी थकलोय. युर्गन क्लॉप यांनी जानेवारी २०२४ मध्ये लिव्हरपूल सोडणार असं जाहीर करताना सांगितलं की अंगातली ताकद संपत आलीये, आणि जगभर लोकांचे डोळे पाणावले. बरोबरच आहे. पण त्यांच्या हाताखालच्या मसाजवाल्याने हेच वाक्य म्हटलं असतं तर काय झालं असतं? दुसऱ्या दिवशी दुसरा आला असता. बाहेर लाइन आहे ना, कमी पैशात यायला तयार असलेली, डोळ्यांत स्वप्न असलेली पोरं. आणि त्यात नवा हेड कोच आला की तो आपली माणसं घेऊन येतो, जुन्यांचं काम चांगलं होतं की वाईट हा प्रश्न पण येत नाही. बायको-मुलांना कुठल्या शहरात ठेवायचं, मुलांची शाळा कुठली, हे दुसऱ्या कुणाच्या तरी मॅच हरण्या-जिंकण्यावर ठरतं.

आता मी मूळ मुद्द्यावर येते, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. लोकांना वाटतं की स्टाफचा ताण हा स्टाफचा खासगी प्रश्न आहे. तसं नाहीये. फिजिओ आणि डॉक्टर यांचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे नाही म्हणणं. हा आज खेळणार नाही, याचं हॅमस्ट्रिंग अजून भरलेलं नाही, याच्या डोक्याला मार लागलाय याला बाहेर घ्या. आणि हे 'नाही' ज्याला ऐकवायचं त्याच्याच हातात आमचं कॉन्ट्रॅक्ट असतं.

२०१५ सालचं उदाहरण बघा, सगळ्या जगासमोर घडलेलं. फुटबॉलमधली चेल्सी आणि स्वान्सी यांची सीझनची पहिलीच मॅच, शेवटची काही मिनिटं, स्कोअर २-२, चेल्सीचा गोलकीपर रेड कार्डने आधीच बाहेर म्हणजे दहाच माणसं, आणि चेल्सीचाच एडन हझार्ड खाली पडला. रेफरीने मेडिकल टीमला आत बोलावलं, डॉक्टर एव्हा कार्नेरो आणि फिजिओ जॉन फर्न पळत गेले. नियमाप्रमाणे ट्रीटमेंट घेतलेल्या खेळाडूला थोडा वेळ बाहेर जावं लागतं, त्यामुळे टीम नऊवर आली, आणि मॅनेजर जोझे मोरिन्यो यांनी नंतर जाहीरपणे आपल्याच मेडिकल स्टाफवर राग काढला, की यांना खेळ कळत नाही. पुढे त्या डॉक्टरला बेंचवरून हटवलं गेलं, सप्टेंबरमध्ये तिने क्लब सोडला, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१६ मध्ये तडजोड झाली तेव्हा क्लबने बिनशर्त माफी मागितली आणि तिने नियमाप्रमाणेच काम केलं होतं हे मान्य केलं. माफी चांगलीच आहे. पण विचार करा, रेफरी बोलावतोय, पेशंट खाली पडलाय, डॉक्टर पळत जातोय, एवढ्या साध्या गोष्टीची ही शिक्षा असेल तर त्या दिवशी टीव्हीवर ते बघणाऱ्या जगभरच्या शेकडो फिजिओंनी मनात काय नोंदवलं असेल? पुढच्या वेळी पळण्याआधी एक सेकंद कोचच्या तोंडाकडे बघायचं. आणि डोक्याला मार लागलेल्या किंवा हार्ट बंद पडलेल्या खेळाडूसाठी तो एक सेकंद फार मोठा असतो.

याच्या उलटं टोक म्हणजे २००९ चं रग्बीतलं प्रकरण, हार्लेक्विन्स विरुद्ध लेन्स्टर, युरोपियन कपची क्वार्टर फायनल. हार्लेक्विन्सच्या एका खेळाडूच्या तोंडात खोट्या रक्ताची कॅप्सूल, म्हणजे जखम झाली असं दाखवून बदली खेळाडू आत आणता येईल. समोरच्या टीमला संशय आला, मग ड्रेसिंग रूममध्ये पुरावा लपवायला डॉक्टरने त्या खेळाडूच्या सांगण्यावरून त्याचा ओठ खरोखर कापला. मॅच ५-६ अशी हरलेच, सगळं बाहेर आलं, कोचला तीन वर्षांची बंदी, फिजिओला दोन वर्षांची, त्या फिजिओचं रजिस्ट्रेशन पण काढून घेतलं गेलं, पुढे कोर्टाने तो निर्णय फिरवला. डॉक्टरवर मेडिकल कौन्सिलपुढे केस चालली तेव्हा ती त्या काळात डिप्रेशनमध्ये होती हे समोर आलं, आणि पॅनेलने ते लक्षात घेऊन तिला प्रॅक्टिस करू दिली. मी कुणाला निर्दोष म्हणत नाहीये, डॉक्टरने ब्लेड उचलणं हे चूकच. पण दबावाखाली, तब्येत ठीक नसताना, चहूबाजूंनी माणसं ओरडत असताना एक चांगला डॉक्टर कुठपर्यंत जाऊ शकतो ते यातून दिसतं. आणि त्या खोलीत 'थांबा' म्हणू शकेल असं त्या क्लबच्या पगारावर नसलेलं कुणीच नव्हतं.

माझ्यावर कुणी ब्लेड उचलायची वेळ आणली नाही, देवाची कृपा. पण कॉरिडॉरमधला तो प्रश्न मला अनेकदा विचारला गेलाय. मॅच सुरू व्हायला थोडाच वेळ आहे, टीमशीट, म्हणजे खेळणाऱ्यांची यादी, द्यायची आहे, कोच भिंतीला टेकून विचारतो, 'हो की नाही, एका शब्दात सांग.' पोटरीचा स्नायू भरत आलाय पण भरलेला नाही, चालताना दुखत नाही पण उडी मारताना तो चेहरा आवळतो, हे एका शब्दात कसं सांगणार? एकदा मी 'नाही' म्हटलं. तो आमचा महत्त्वाचा खेळाडू होता, मॅच हरलो. कुणी मला शिवी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. फक्त त्यानंतर मीटिंगचे मेसेज मला उशिरा यायला लागले, बसमध्ये कोचच्या आसपासची सीट नेहमी भरलेली असायची, खेळाडूच्या फिटनेसबद्दल मला सोडून ट्रेनरला विचारायला लागले. सीझन संपल्यावर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही, कारण विचारलं तर 'नवी दिशा' एवढंच उत्तर मिळालं. अख्ख्या स्टाफमध्ये मी एकटीच बाई होते, त्यामुळे हे कुणाशी बोलावं ते पण कळत नव्हतं. त्याच जागी परत उभी राहिले तर परत 'नाही'च म्हणेन. पण माझ्या जागी जो मुलगा आला असेल, ज्याच्या डोक्यावर घराचं कर्ज असेल, त्याने काय म्हणावं अशी आपण अपेक्षा करतो?

आणि सगळं बरोबर केलं तरी दोष येतोच. पॅरिस ऑलिम्पिक, ऑगस्ट २०२४, विनेश फोगाट. एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या, रात्री वजन मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त भरलं, रात्रभर ती आणि तिच्याबरोबरची माणसं जागी, व्यायाम, सॉना, पाणी बंद, शेवटी केस कापले, आणि सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त. आपलं सगळ्यांचं काळीज तुटलं, विनेशचं तर किती तुटलं असेल. पण दुसऱ्या दिवसापासून डॉ. दिनशॉ पारडीवाला आणि मेडिकल टीमवर जो चिखल उडाला, की यांनीच घात केला, हे झोपले होते का, तो वाचून मला रडू आलं. शेवटी भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्ष पी. टी. उषा यांना निवेदन काढावं लागलं की वजनाची जबाबदारी खेळाडू आणि तिच्या कोचची असते, मेडिकल टीमबद्दलचा हा द्वेष निषेधार्ह आहे. ती जबाबदारी नेमकी कोणाची यावर वाद होऊ शकतो, मला त्यात पडायचं नाही. रात्रभर एका माणसाचा जीव धोक्यात न घालता वजन उतरवायची धडपड करणाऱ्यांना सकाळी देशद्रोही ठरवणं, हे मात्र कुठल्याच बाजूने योग्य नव्हतं.

डोपिंगची धास्ती तर वेगळीच. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये रोमानियाची जिम्नॅस्ट अँड्रिया रादुकान, सोळा वर्षांची पोर, तिला टीमच्या डॉक्टरने सर्दीची गोळी दिली, त्यात तेव्हा बंदी असलेलं सुडोएफेड्रिन निघालं आणि तिचं ऑल-अराउंडचं गोल्ड गेलं. डॉक्टरवर पण बंदी आली. आम्हा लोकांना शिकतानाच हे उदाहरण मनात घट्ट बसतं, त्यामुळे रात्री दोनला कुणाचा मेसेज आला की खोकला येतोय काय घेऊ, तर झोपेत उत्तर देता येत नाही, उठून लिस्ट बघावी लागते, कारण औषधाचं नाव तेच असलं तरी प्रत्येक देशात आतले घटक तेच असतील असं नाही.

थ्रोडाऊनवाल्यांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. फास्ट बोलरने नेटमध्ये किती बॉल टाकले ते आता एक-एक मोजलं जातं, वर्कलोड वाढलं की त्याला बसवतात, योग्यच आहे. पण त्याच नेटमध्ये साइडआर्म, म्हणजे बॉल फेकायची लांब दांडी, घेऊन एकामागून एक बॅट्समनना दीडशेच्या आसपासच्या स्पीडने बॉल फेकणाऱ्याच्या खांद्याचे बॉल कोण मोजतं? मी तरी कुठे मोजलेले पाहिले नाहीत. तो खांदा घेऊन तो रात्री माझ्याकडे यायचा, तेही सगळे खेळाडू झाल्यावर, 'तुम्ही दमला असाल तर उद्या येतो' म्हणत. २०२३ मध्ये विराट कोहलीने शतकानंतर टीमच्या तिन्ही थ्रोडाऊन स्पेशालिस्टना कॅमेऱ्यासमोर आणून त्यांचं नाव घेऊन श्रेय दिलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं. तसंच २०१८ चा अंडर-१९ वर्ल्डकप जिंकल्यावर राहुल द्रविड यांना ५० लाख आणि बाकी सपोर्ट स्टाफला २०-२० लाख जाहीर झाले होते, द्रविड यांनी हा फरक मान्य केला नाही आणि शेवटी सगळ्यांना २५-२५ लाख मिळाले. अशी माणसं आहेत म्हणून या क्षेत्रात राहावंसं वाटतं. पण एखाद्याच्या चांगुलपणावर किती दिवस चालवायचं? सगळीकडे द्रविड नसतात.

लोक म्हणतात, जगभर फिरायला मिळतं, स्टार लोकांबरोबर राहता, अजून काय पाहिजे. सायकलिंगमधल्या मदतनीसांना विचारा. टूर द फ्रान्स म्हणजे २३ दिवसांत २१ स्टेज, साधारण साडेतीन हजार किलोमीटर, जवळपास रोज नवं हॉटेल. ही माणसं सकाळी बाटल्या आणि खायच्या पिशव्या भरतात, गाडी हाकत पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला उभं राहून चालत्या सायकलवर त्या पिशव्या देतात, संध्याकाळी एकेका रायडरला तासभर मसाज, मग बॅगा पुढच्या गावाला. फ्रान्स बघितलं का विचाराल तर ते म्हणतील, पार्किंग बघितलं.

कुणी म्हणेल की खेळच असा आहे, यात बदल होणार कसा. होतो, नियमात लिहिलं की होतो. फॉर्म्युला वनमध्ये चार टायर बदलायला साधारण दोन सेकंद लागतात, २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनच्या टीमने ते १.८० सेकंदात केलं. इतक्या टोकाच्या स्पर्धेच्या खेळात २०११ पासून रात्रीचा कर्फ्यू आहे, म्हणजे ठरावीक तासांत टीमच्या तांत्रिक स्टाफने सर्किटमध्ये थांबायचंच नाही, वर्षातले मोजके अपवाद सोडून. आणि ऑगस्टमध्ये दोन आठवडे टीमची फॅक्टरी सक्तीने बंद. सगळ्यांनाच बंद असल्यामुळे कुणी मागे पडेल ही भीतीच राहत नाही. तिथे सगळं छान आहे असं नाही, २०२४ मध्ये तब्बल २४ रेस झाल्या आणि सलग तीन वीकेंड रेस असल्या की मेकॅनिक लोक घर विसरतात. पण झोपेचा नियम करता येतो आणि त्याने खेळ बुडत नाही, एवढं तरी सिद्ध झालं.

तसंच निर्णयाचं. डोक्याला मार लागल्यावर बदली खेळाडूची सोय आयसीसीने ऑगस्ट २०१९ मध्ये लागू केली आणि लगेच त्याच महिन्यात लॉर्ड्सला स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन आला. त्या नियमाने डॉक्टरचं ओझं किती हलकं केलं हे बाहेरच्यांना कळणार नाही. आधी डॉक्टरने 'बाहेर' म्हटलं की टीम एका बॅट्समनने कमी होत होती, म्हणजे डॉक्टरचा शब्द थेट स्कोअरबोर्डवर दिसायचा. आता तसं होत नाही, म्हणून 'नाही' म्हणणं सोपं झालं. ताण कमी करायला दरवेळी योगाचं शिबिर लागत नाही, कधीकधी एक नियम बदलावा लागतो.

२०२१ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन मैदानात कोसळला आणि डॉक्टरांनी तिथेच त्याचं हार्ट परत सुरू केलं, ते आपण सगळ्यांनी श्वास रोखून बघितलं. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, त्या वर्षी कॅप्टन सिमोन कियारबरोबर डेन्मार्कच्या मेडिकल टीमचा पण सन्मान केला, फार चांगलं केलं. पण मॅच त्याच संध्याकाळी परत सुरू झाली होती हे विसरू नका. एका माणसाला मरणाच्या दारातून ओढून आणल्यावर काही वेळात परत बेंचजवळ तयारीत राहायचं, परत कुणी पडला तर पळायचं. खेळाडूंना परत खेळायला लावणं योग्य होतं का यावर खूप चर्चा झाली. ज्यांच्या हाताखाली ती छाती होती त्यांच्यावर किती झाली?

म्हणून माझं सगळ्या संघटनांना, क्लबना, फ्रँचायझींना सांगणं आहे की मेडिकल स्टाफची नेमणूक आणि कॉन्ट्रॅक्ट हेड कोचच्या हातातून काढा, ते संघटनेच्या मेडिकल विभागाकडे द्या, आणि कॉन्ट्रॅक्ट एका सीझनचं नको, कोच बदलला तरी टिकेल असं द्या. हे झालं तर बाकीचं निम्मं आपोआप सुटेल असं मला वाटतं. दुसरं म्हणजे स्टाफला बोलायला टीमच्या बाहेरचा कुणीतरी द्या, ज्याचा रिपोर्ट मॅनेजरकडे जात नाही. आणि जो फॉर्म रोज सकाळी खेळाडू भरतात तोच स्टाफकडून पण भरून घ्या, काही खर्च नाही त्याला, फक्त तो वाचणारा पाहिजे. मोठ्या दौऱ्यावर दोन फिजिओ आळीपाळीने पाठवायला काय हरकत आहे, खेळाडू रोटेट करतोच ना आपण.

मला माहितीये की छोट्या संघटनांकडे पैसे नसतात, एकच माणूस फिजिओ, ट्रेनर, मसाजवाला आणि कधीकधी बॅगा उचलणारा पण असतो. तिथे सगळं लगेच होणार नाही. पण 'नाही' म्हटल्यावर नोकरी जाणार नाही एवढी हमी द्यायला पैसे लागत नाहीत.

संपादक साहेब, तुमच्या क्रीडा प्रतिनिधींना पण एक विनंती. एखाद्या टीमने मेडिकल स्टाफ बदलला अशी बातमी आली की ती एका ओळीत उरकू नका. त्या लोकांचं कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं होतं, ते कोणाला रिपोर्ट करत होते आणि जाण्याआधीच्या काही आठवड्यांत त्यांनी कुठल्या खेळाडूला अनफिट ठरवलं होतं का, एवढे तीन प्रश्न टीम मॅनेजमेंटला विचारा आणि जे उत्तर मिळेल ते छापा, उत्तर नाही मिळालं तर ते पण छापा.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
(कृपया नाव छापू नये, माझ्याबरोबर काम केलेले काही जण अजून टीममध्ये आहेत.)